फ्रँकली, ऑनेस्टली, कँडिडली

‘खरं सांगायचं तर’ हे आपल्याकडे कुठेही चालतं. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगायला चालतं, स्थळ पसंत नाही हे कळवायला चालतं, या महिन्यात हप्ता भरता येणार नाही अशी कबुली द्यायलाही चालतं. बोलणाऱ्याचा आवाज, त्याचा चेहरा आणि पुढचं वाक्य मिळून उरलेलं काम करतात. इंग्रजी बोलू लागलो की मात्र याच जागी पाच-सहा पर्याय समोर येतात : टू बी ऑनेस्ट, ऑनेस्टली, फ्रँकली, टू टेल यू द ट्रूथ, टू बी कँडिड, टू बी ब्लंट. इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडावा तर ‘प्रामाणिक’, ‘स्पष्ट’, ‘मोकळा’ हे तीन शब्द आलटूनपालटून सगळ्यांपुढे लिहिलेले दिसतात. मग जो आधी जिभेवर येईल तो आपण वापरतो, आणि बहुतेकदा तो ‘फ्रँकली’ असतो.

आता हे पाहा. कचेरीत साहेबांनी विचारलं, काल पाठवलेला अहवाल वाचलात का? तुम्ही वाचलेला नाही. ‘टू बी ऑनेस्ट, आय हॅवन्ट रेड इट’ असं म्हणालात, तर इंग्रजी कानाला त्यात ओशाळलेपण ऐकू येतं : वाचायला हवा होता, राहून गेला. तेच ‘फ्रँकली, आय हॅवन्ट रेड इट’ असं म्हणालात, तर ऐकू येतं ते असं : वाचलेला नाही, आणि त्याचं मला फारसं काही वाटतही नाही. अहवाल दोन्हीकडे न वाचलेलाच आहे. माफी मात्र पहिल्याच वाक्यात आहे.

हा फरक नियम म्हणून क्वचितच शिकवला जातो. इंग्रजीत वाढलेल्या माणसाला तो न शिकताच कळतो. आपल्याला तो समजून घ्यावा लागतो. त्यासाठी ‘यात खरेपणा किती’ हा प्रश्न काही कामाचा नाही, कारण खरेपणा सगळ्यांत सारखाच आहे. विचारायचं ते हे, की या वाक्याची झळ कुणाला लागणार? बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला, की आजवर झाकून ठेवलेल्या एखाद्या गोष्टीला? हा एक प्रश्न मनाशी धरला की यातले बहुतेक शब्द आपापल्या जागी जाऊन बसतात.

‘फ्रँक’पासून सुरुवात करू, कारण आपण सगळ्यात जास्त चुकीच्या जागी वापरतो तो हाच. फ्रँक हे मुळात टोळ्यांच्या एका समूहाचं नाव. पाचव्या-सहाव्या शतकांत या जर्मनिक टोळ्यांनी रोमन साम्राज्याचा गॉल हा प्रांत, म्हणजे ढोबळमानाने आजचा फ्रान्स, आपल्या ताब्यात घेतला. त्यांच्या राज्यात पुरता स्वतंत्र माणूस म्हणजे फ्रँक, असं समीकरण झालं आणि टोळीचं नाव ‘स्वतंत्र’ या अर्थाचं विशेषण बनलं. इंग्रजीतही हा शब्द आधी ‘स्वतंत्र, बंधनमुक्त’ याच अर्थाने आला. ‘मनातलं न दाबता बोलणारा’ हा अर्थ सोळाव्या शतकातला. बंधनमुक्तीचा तो जुना अर्थ एका कोपऱ्यात अजून शिल्लक आहे. ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदांना पत्रावर नुसती सही करून ते बिनखर्चाने धाडता येत असे, त्याला फ्रँकिंग म्हणत. 1840 मध्ये पेनी पोस्ट आलं आणि ती सवलत गेली, पण शब्द टिकला. आज मुद्रांक शुल्कासाठी आपण दस्तऐवजावर जे ‘फ्रँकिंग’ करून घेतो, ते त्याच घराण्यातलं.

आणि आणखी जवळचं नातं म्हणजे ‘फिरंगी’. पश्चिमेकडून आलेल्या युरोपी लोकांना अरबी आणि फारसी भाषांनी सरसकट फ्रँकांचंच नाव दिलं. तेच फारसीतून आपल्याकडे आलं, आणि वसईचे व गोव्याचे पोर्तुगीज फिरंगी झाले. युरोपी पात्याची सरळ तलवारही ‘फिरंग’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. ‘फ्रँकली’ म्हणताना आपण ज्या शब्दाला परका समजतो, त्याचा एक भाऊ कित्येक शतकं मराठीत नांदतो आहे.

तर फ्रँक म्हणजे ज्याला कुणाची भीड बाळगायचं कारण नाही असा माणूस. टोळीवाला, जेता, स्वतंत्र. ‘फ्रँकली’त तो ताठा अजून आहे. पुढचं वाक्य ऐकणाऱ्याला रुचणार नाही, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं आणि तरी तो बोलणार असतो. झळ ऐकणाऱ्याला लागते.

हे किती नेमकं आहे, त्याचं सुंदर उदाहरण चित्रपटातलं आहे. मार्गारेट मिचेलची ‘गॉन विथ द विंड’ ही कादंबरी 1936 ची. तिच्यावरचा चित्रपट 1939 मध्ये आला. शेवटी रेट बटलर बायकोला सोडून निघालेला असतो. स्कार्लेट त्याला कळवळून विचारते, तू गेलास तर मी जाऊ कुठे, करू काय? तो दारात थांबतो आणि आता त्याच्याशी मला काडीचंही देणंघेणं नाही, या अर्थाचं एकच वाक्य बोलून निघून जातो. कादंबरीत त्या वाक्यात ‘फ्रँकली’ नाही. तो शब्द चित्रपटात घातला गेला. रेट झालेल्या क्लार्क गेबलच्या तोंडी वाक्याच्या अगदी आरंभी तो येतो आणि सगळं वाक्य थंड करून टाकतो. तिथे ‘ऑनेस्टली’ घालून पाहा : रेट लगेच स्वतःच्या मनाविषयी बोलू लागतो, जरासा हळवाही होतो. ‘फ्रँकली’ने तो तसा होत नाही, दार बंद होतं. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने 2005 मध्ये अमेरिकी चित्रपटांतल्या शंभर संस्मरणीय वाक्यांची यादी केली, तेव्हा हे वाक्य पहिलं आलं. त्या यशात या एका क्रियाविशेषणाचा वाटा मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं.

मराठी माणसाची अडचण नेमकी इथे आहे. आपल्या बोलण्यात ‘फ्रँक’ हा शब्द प्रेमळ झालेला आहे. ‘सासूबाई एकदम फ्रँक आहेत’ याचा अर्थ त्या सुनेला टाकून बोलतात असा नाही. त्या मोकळ्या स्वभावाच्या आहेत, त्यांच्यापाशी दडपण येत नाही, असा आहे. ‘आमच्या घरात फ्रँक वातावरण आहे’ हे कौतुकाने सांगितलं जातं. म्हणजे शब्द तिथून उचलून आपण त्याला ‘मनमोकळा’चा ओलावा दिला. त्यात गैर काहीच नाही, भाषा अशाच वाढतात. पण हाच ओलावा मनात ठेवून आपण लंडनमधल्या किंवा शिकागोतल्या माणसाला ‘टू बी व्हेरी फ्रँक विथ यू’ म्हणतो तेव्हा आपण जवळीक देऊ करत असतो, आणि तो वाईट बातमीच्या तयारीने सावरून बसतो. मग पुढे ‘वुई नीड टू मोअर डेज’ एवढंच साधं वाक्य आलं तर तो गोंधळतो. एवढ्याशा गोष्टीला हा आवेश कशाला?

‘फ्रँकली स्पीकिंग’विषयीही इथेच सांगून टाकतो. हे चुकीचं इंग्रजी आहे, फक्त भारतीयच असं बोलतात, असं ठासून सांगणारे भेटतात. ते बरोबर नाही. 1950 च्या दशकात बीबीसी रेडिओवर याच नावाचा मुलाखतींचा कार्यक्रम होता. प्रयोग शुद्ध आहे. रोजच्या बोलण्यात मात्र इंग्रज माणूस ‘स्पीकिंग’ गाळतो आणि नुसतं ‘फ्रँकली’ म्हणतो. त्याची चीड अनावर झाली तर ‘क्वाइट फ्रँकली’ म्हणतो, आणि ते ऐकू आलं की समोरच्याने आवाज खाली आणावा हे बरं.

‘ऑनेस्ट’चं कूळ वेगळं आहे. लॅटिनमध्ये ‘होनोस’ म्हणजे मान, प्रतिष्ठा. ‘ऑनर’ आणि ‘ऑनेस्ट’ हे एकाच घरातले. इंग्रजीतही ‘ऑनेस्ट’चा जुना अर्थ ‘अब्रूदार, प्रतिष्ठित’ असाच होता. ‘खोटं न बोलणारा’ हा अर्थ पुढे वरचढ ठरला. म्हणून ‘टू बी ऑनेस्ट’ म्हणताना बोलणारा स्वतःची पत पणाला लावत असतो. पुढे येतं ते बहुधा त्याच्याच विषयी : मला कळलं नाही, मला आवडलं नाही, माझ्याकडून राहिलं. झळ बोलणाऱ्याला. म्हणूनच हे शब्द ऐकणाऱ्याला बोचत नाहीत. ब्रिटनमध्ये तर हा वाक्यांश वाक्याच्या शेवटी टाकण्याची फार सवय आहे : ‘आय डिडन्ट एन्जॉय इट, टू बी ऑनेस्ट.’ शेवटी आला की तो आणखी मऊ होतो, मत मांडून झाल्यावर जरा मागे सरकल्यासारखा. निरोपांच्या जगात त्याचा ‘टीबीएच’ झाला.

इथे एक जुनी शंका येते. आत्ता ‘प्रामाणिकपणे’ म्हणालास, म्हणजे आधीचं सगळं अप्रामाणिक होतं का? शंका तशी रास्त आहे, आणि तिचं उत्तर तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांच्या मांडणीतून मिळतं. 1967 मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी संभाषणाचे काही अलिखित संकेत मांडले. त्यांतला एक असा, की बोलणारा स्वतःला खरं वाटतं तेच बोलतो आहे, असं ऐकणारा धरूनच चालतो. मग खरेपणाची वेगळी ग्वाही अनावश्यक ठरते. आणि अनावश्यक वाटणारं काही बोललं गेलं की ऐकणारा त्यामागचं कारण शोधतो. ‘टू बी ऑनेस्ट’मागचं कारण त्याला चटकन सापडतं : जे उत्तर अपेक्षित होतं ते आता येणार नाही. म्हणजे हा वाक्यांश खरेपणाचं प्रमाणपत्र म्हणून येत नाही, पुढे वळण आहे एवढं तो सांगतो. म्हणूनच वळण नसताना तो वापरला की खटकतो. नोकरीच्या मुलाखतीत ‘तुमचं शिक्षण कुठे झालं?’ याला ‘टू बी ऑनेस्ट, सोलापूर’ असं उत्तर दिलं तर समोरच्याला वाटणार, सोलापूरला शिकल्याची याला लाज वाटते की काय.

‘ऑनेस्टली’ हे एकशब्दी रूप थोडं जास्त गुंतागुंतीचं आहे. विधानाआधी आलं तर ते बोलणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी असतं. प्रश्नाआधी आलं की ते पलटतं. ‘ऑनेस्टली, डिड यू लाइक इट?’ यात प्रामाणिक राहण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर आहे : खरं खरं सांग, आवडलं का? आणि हा शब्द एकटाच, ‘ऑ’वर जोर देऊन, आवाज खाली आणत उच्चारला की तो निव्वळ वैताग होतो. नवऱ्याने ओला टॉवेल पुन्हा गादीवर टाकलेला पाहून इंग्रज बायको ‘ऑनेस्टली!’ म्हणते, तिथे आपली बाई ‘कमाल आहे बाई या माणसाची’ म्हणते.

‘टू टेल यू द ट्रूथ’ यांच्यापेक्षा निवांत आहे. त्यात गोष्ट सांगण्याचा सूर असतो, आणि बऱ्याचदा किरकोळ कबुलीचा : सगळ्यांना वाटतं मला पोहता येतं, पण खरं म्हणजे मी कधी पाण्यात उतरलेलोच नाही. आपल्या ‘खरं सांगायचं तर’च्या सगळ्यात जवळ हाच आहे, आणि आपण सगळ्यात कमी वापरतो तोही हाच.

‘कँडिड’ माझा आवडता. लॅटिन ‘कँडिडस’ म्हणजे पांढरा, लखलखीत. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस अंगावरचा टोगा खडूने आणखी पांढरा करून मतदारांत फिरे. त्यावरून ‘कँडिडेट’ झाला. इंग्रजीत ‘कँडिड’ आला तेव्हा त्याचा रोख शुद्धतेवर होता : मनात किल्मिष नसलेला, दुसऱ्याविषयी वाईट न चिंतणारा. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये, म्हणजे 1813 मध्येही, ‘कँडर’ म्हणजे कँडिडपणा हा गुण नायिकेच्या थोरल्या बहिणीचा, जेनचा आहे, आणि तो कशासाठी? तर ती सगळ्यांविषयी चांगलंच गृहीत धरते म्हणून. आज याच शब्दाचा अर्थ जवळजवळ उलट झाला आहे. कँडिड माणूस आता दोष सांगतो. पण दोष सांगतानाही त्याच्या मनात अढी नाही, ही जुनी छटा पुरती पुसलेली नाही. ‘कँडिड’ बोलणं ‘फ्रँक’ बोलण्याइतकंच उघड असतं, तरी त्यात धार कमी असते. लग्नात पाहुण्यांना न सांगता टिपलेल्या फोटोंना आपले फोटोग्राफर ‘कँडिड’ म्हणतात, तेही याच अर्थाचं पुढचं टोक : पोझ नाही, झाकपाक नाही. इथे झळ लागते ती झाकपाकीला.

म्हणूनच एकत्र काम करणाऱ्या माणसांना हा शब्द उपयोगी पडतो. पिक्सार या चित्रपटसंस्थेचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी ‘क्रिएटिव्हिटी, इंक.’ या 2014 च्या पुस्तकात याचा विचार मांडला आहे. पिक्सारमध्ये अर्धवट बनलेला चित्रपट दिग्दर्शकांच्या एका गटाला दाखवतात आणि त्यांनी त्यातल्या उणिवा सांगायच्या असतात. त्यासाठी कॅटमल ‘ऑनेस्टी’ हा शब्द टाळून ‘कँडर’ निवडतात. कारण फार मार्मिक आहे. ‘ऑनेस्ट’ला नीतीचं ओझं आहे, एखादा गप्प बसला आणि त्याला ‘तू ऑनेस्ट नाहीस’ म्हटलं, तर तो खोटारडा ठरतो. ‘तू आज पुरेसा कँडिड नव्हतास’ असं म्हटलं तर तो फक्त सांभाळून बोलला, असा अर्थ होतो. सांभाळून बोलण्याला रास्त कारणंही असू शकतात, आणि त्यांच्याविषयी मग शांतपणे बोलता येतं. एक शब्द बदलला आणि खोलीतली माणसं आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आली.

मुत्सद्द्यांना हे सगळं फार आधीपासून कळतं. फेब्रुवारी 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले. वीस-बावीस वर्षं ज्या देशांत धड संबंध नव्हते, त्यांनी शांघायला एक संयुक्त निवेदन काढलं. त्यात चिनी नेते माओ यांच्याशी झालेल्या आणि पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याशी झालेल्या, दोन्ही चर्चांचं वर्णन करताना ‘फ्रँक’ हा शब्द आहे. आणि इतक्या वर्षांनी एकमेकांपुढे आपली मतं मांडता आली, हे सांगताना ‘कँडिडली’ आहे. मग व्हिएतनाम, कोरिया, तैवान यांवर दोन्ही बाजूंनी आपापली मतं वेगवेगळी लिहिली, कारण ती जुळत नव्हती. परराष्ट्र खात्यांच्या भाषेत ‘फ्रँक’ चर्चा म्हणजे मतभेद झाले, ठणकावून झाले, पण कुणी उठून गेलं नाही. वर्तमानपत्रात ‘उभय नेत्यांत मनमोकळी चर्चा’ असं भाषांतर छापून येतं तेव्हा वाचक समजतो, गप्पा रंगल्या. खरं तर ‘सडेतोड चर्चा’ लिहायला हवं.

‘ब्लंट’चं फारसं रहस्य नाही. बोथट हत्याराचा घाव, कापण्यापेक्षा ठेचणारा. ‘टू बी ब्लंट’ म्हणणारा माणूस आपण आता शब्दांना गुळगुळीत करणार नाही, अशी आगाऊ सूचना देतो. आपल्याकडचा फटकळ माणूस ती सूचनाही देत नाही. अशा वेळी शोभा म्हणून ‘कॉल अ स्पेड अ स्पेड’, म्हणजे फावड्याला फावडंच म्हणा, हे वापरण्याचा मोह होतो. हा वाक्प्रचार प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्ककडून आलेला. त्याच्या ग्रीक वाक्यात घमेलं किंवा द्रोणीसारखं भांडं होतं. पुढे विद्वान इरॅस्मसने लॅटिनमध्ये आणताना त्याचं खणायचं अवजार केलं, आणि 1542 मध्ये निकोलस युडॉलच्या इंग्रजी भाषांतरातून कुदळ-फावडं इंग्रजीत कायमचं रुजलं. पण विसाव्या शतकात अमेरिकेत ‘स्पेड’ ही काळ्या माणसांसाठी शिवी म्हणूनही वापरली गेली. वाक्प्रचाराचा त्या शिवीशी जन्माने काही संबंध नाही, तरी ऐकणाऱ्याला ती आठवू शकते. अमेरिकेत बोलताना किंवा लिहिताना तो टाळलेलाच बरा.

आता मानपानाचा भाग. ‘फ्रँकली’ वरून खाली वाहतो. साहेबाने कनिष्ठाला म्हटलं तर चालतं, बरोबरीच्यांत चालतं. कनिष्ठाने साहेबाला म्हटलं तर उद्धट लागतं. खालून वर बोलायचं असेल तर इंग्रजी परवानगी मागते : ‘इफ आय मे बी कँडिड’, ‘कॅन आय बी ऑनेस्ट विथ यू?’ आपणही वडीलधाऱ्यांना ‘राग मानू नका, पण’ म्हणूनच सुरुवात करतो. मराठीत ही कामं वाक्यातला आदरार्थी ‘तुम्ही’ आणि क्रियापदाचा अनेकवचनी प्रत्यय निम्मीअर्धी करून टाकतो. इंग्रजीत ‘यू’ सगळ्यांना एकच, म्हणून तिथे सगळी अदब या वाक्यारंभावर येऊन पडते. आपण मराठीतला ‘तुम्ही’ मनात धरून ‘फ्रँकली’ म्हणतो. तो ‘तुम्ही’ समोर पोचतच नाही.

नोकरी सोडताना मनुष्यबळ विभाग जी शेवटची मुलाखत घेतो, तिथे हे सगळं एकदम कसाला लागतं. पुण्यातल्या एखाद्या कंपनीतली मुलगी, पलीकडे पडद्यावर परदेशातली अधिकारी, आणि प्रश्न : का चाललात? ‘टू बी ऑनेस्ट, आय वॉज टायर्ड’ हे ठीक आहे; ती स्वतःविषयी बोलते आहे. ‘फ्रँकली, माय मॅनेजर नेव्हर लिसन्ड’ म्हटलं तर ती तक्रार झाली, आणि अधिकारी पुरावे विचारणार. तेच ‘इफ आय मे बी कँडिड, द टीम वॉज अफ्रेड टू आस्क क्वेश्चन्स’ असं आलं तर कुणा एकावर बोट न ठेवता आतली गोष्ट बाहेर आली, आणि बहुधा नोंद याच वाक्याची होईल. आणि कारण नुसतं पगाराचं असेल, तर यातलं काहीच लागत नाही. ‘आय गॉट अ बेटर ऑफर’ म्हणावं. इतक्या सरळ उत्तराआधी कसलीही प्रस्तावना आली तर समोरच्याला उगाच वाटेल की पगारामागे आणखी काही दडलेलं आहे.